निमंत्रक गिताबाई

आमच्यात लग्न ठरलं की आधी भांडण होतं आणि मग पत्रिका छापायला जाते. हे मी ऐकीव सांगत नाही. दौंड स्टेशनच्या बाहेर ग्लॅडिसताईंचं सायबर कॅफे होतं, तिथं मी डीटीपी करायचे. लग्नसराईत रोज माझ्या खुर्चीमागं कुणाचे तरी चुलते-मामा एकमेकांच्या अंगावर जायचे. याचं नाव आधी का, त्याचं नंतर का, कार्यवाहकात जावई घेतला तर मेव्हणा का नाही, माजी उपसरपंचांच्या नावामागं 'माजी' लावायची गरज काय. मी आपली माउस धरून बसायचे. भांडण मिटलं की टाइप करायचे.

एका नावासाठी मात्र कुणीच भांडायचं नाही. मुलीचा बाप वारला असेल तर 'कै.' लावून त्याचं नाव ठळक यायचं, निमंत्रक म्हणून चुलत्याचं यायचं, आणि आई कुठंतरी तळाला, 'गं. भा.' लावून, बारीक टायपात, आत्या-मावश्यांच्या घोळक्यात. कधीकधी तिथंही नाही. मेलेला माणूस वर बसून आमंत्रण देणार, आणि जिनं पोर वाढवली ती बाई खाली जागा मिळते का बघणार. अशा पत्रिका मी ढिगानं टाइप केल्या. मनात चरफडायचे आणि गप्प बसायचे, कारण पत्रिका दुसऱ्याच्या घरची असायची.

मग दोन हजार नऊ साली माझ्या घरची आली.

मी पूनम. घोड नदीच्या काठाला, इनामगावच्या अलीकडं आमचं गाव. माझे वडील म्हस्कू कोकरे मी शाळेत असतानाच गेले. आईनं, म्हणजे गिताबाईनं, मेंढरं विकून दोन म्हशी घेतल्या, डेअरीला दूध घातलं, रान कसलं आणि मला कॉम्प्युटर शिकायला दौंडला मावशीकडं ठेवलं. मेंढरं विकली म्हणून भावकीनं नावं ठेवली. पोरीला दौंडला धाडली म्हणून पुन्हा ठेवली. आईनं सगळी ऐकून घेतली आणि ती धारा काढायला गेली.

माझं लग्न पाटसच्या मच्छिंद्र मदनेशी ठरलं. तो साखर कारखान्यात फिटर होता. बोलणी आमच्या आप्पांनी केली. आप्पा म्हणजे हनुमंत कोकरे, वडिलांचे थोरले भाऊ. माणूस वाईट नव्हे. भाऊ गेल्यावर त्यांनी आमचा बांध कधी कोरला नाही, आणि आमच्या भागात ही लहान गोष्ट नाही. पण आप्पा बोलत नाहीत, हुकूम सोडतात. आई तर त्यांच्याशी थेट कधी बोललीच नव्हती. थोरल्या दिराशी तोंड उघडून बोलायचं नाही अशी आमच्यात रीत. आप्पा ओसरीवर बसायचे, आई दाराआड उभी राहायची, आणि मधे मी. "पूनम, आप्पास्नी इचार, चहा ठेवू का." आप्पा दोन हातांवर बसलेले असायचे, त्यांना सगळं ऐकू यायचं, तरी मी विचारायचे.

आप्पांचा एक नियम साऱ्या गावाला पाठ होता. पहिली पत्रिका बिरोबाला, आणि एकदा देवापुढं ठेवली की तिच्यातलं अक्षर बदलायचं नाही. त्यांच्या धनश्रीच्या लग्नात काय झालं ते सांगते. प्रेसवाल्यानं दुसऱ्याच कुणाच्या तरी पत्रिकेवर आमची नावं भरली आणि लग्नस्थळ बदलायचं विसरला. शाळेच्या पटांगणाऐवजी 'बिरोबाचा माळ' छापून आलं. ते लक्षात आलं तेव्हा पत्रिका देवापुढं ठेवून झाली होती. लोक म्हणाले, आप्पा, पेनानं दुरुस्त करू. आप्पा म्हणाले, देवाला खोटं पाडू व्हय? आणि त्यांनी अख्खा मांडव उचलून माळावर नेला. तिथं ना पाणी ना आडोसा. टँकर आणले. ऐन अक्षतांच्या वेळी वारं सुटलं आणि अर्धा मांडव उडून शेजारच्या उसात गेला. तरी आप्पा छाती काढून सांगायचे की पत्रिकेत होतं तिथंच लग्न लावलं.

आप्पांचा मुलगा पप्पू पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत होता. तो म्हणाला, ताई, आता पेनड्राइव्ह घेऊन फिरायची गरज नाही, पत्रिका ऑनलाइन करू. मलाही पटलं. दौंडला टाइप केलेली फाइल शिरूरच्या प्रेसात उघडली की मराठी अक्षरांचे नुसते चौकोन दिसायचे, तो वैताग मला रोजचा होता. पप्पूनं इंटरनेटवर एक पान तयार केलं आणि आम्हाला पाठवलं. ज्याच्याकडं ते असेल त्यानं कुठूनही उघडायचं, वाचायचं, वाटलं तर बदलायचं.

मी सगळ्यात वर टाइप केलं, 'श्री बिरोबा प्रसन्न'. मग माझं नाव, मच्छिंद्रचं नाव. आणि मग ठळक अक्षरात, 'निमंत्रक : श्रीमती गिताबाई म्हस्कू कोकरे'. त्याखाली 'श्री. हनुमंत कोकरे'. ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी पान उघडलं तर आई गायब. निमंत्रक एकटे आप्पा. आईला तळाशी नेऊन ठेवलेलं, 'गं. भा.' लावून.

मी तिला परत वर आणली. संध्याकाळी ती परत खाली. मी वर, तिकडून खाली. गावाकडं म्हशीला चारा घालताना ह्या बाईला पत्ताही नव्हता की आपली दिवसभर वर-खाली ओढाताण चाललीय. शेवटी मी पप्पूला फोन लावला.

"आईचं नाव कुणी काढलं रे?"

"ताई, आप्पांचा फोन आल्ता. ते इचारतात काय लिवलंय, मी वाचून दावतो, ते सांगतात तसं मी फक्त..."

"तू फक्त डिलीट दाबतो."

"मग काय करू? बाप हाय माझा."

"आन् ती आई हाय माझी," म्हणून मी फोन ठेवला.

पप्पूनं बहुतेक घरी सांगितलं, कारण बाजाराच्या दिवशी आप्पा थेट कॅफेत आले. पटका, हातात छत्री, पायात करकर वाजणाऱ्या वहाणा. गेम खेळत बसलेली कॉलेजची पोरं आपोआप गप्प झाली. ग्लॅडिसताईंनी त्यांना खुर्ची दिली. आप्पा बसले नाहीत.

"पूनम, निमंत्रक म्हंजी काय गं?"

"बोलावणारा."

"मांडवाच्या दारात उभं ऱ्हाऊन पाव्हण्याला हात जोडणारा. तुझी आई ऱ्हाणार हाय व्हय दारात, सवाष्णींच्या म्होरं?"

"ऱ्हाईल की. तिची पोरगी हाय."

"आन् पाटसकर काय म्हणतील? पांढऱ्या कपाळाच्या बाईनं बोलावलं म्हणून माघारी फिरले तर? लगीन मोडलं तर कुणी बघायचं?" आप्पांचा आवाज चढला, मग त्यांनीच तो खाली आणला. "हे बघ पोरी, तुझ्या भल्याचं सांगतो. ऐतवारी शिरूरच्या प्रेसातनं नमुना घिऊन येतो आन् बिरोबाला ठेवतो. एकदा ठेवली की कुणी हात लावायचा न्हाई. तुला माझं ठाऊक हाय."

ठाऊक होतं. मांडव उसात गेला होता तो मी डोळ्यांनी बघितला होता.

आप्पा गेले आणि मला रडू आलं. रागानं आलं. मी कीबोर्डवर हात आपटला, तसा ग्लॅडिसताईंनी आधी कीबोर्ड बाजूला घेतला आणि मग माझ्याकडं पाहिलं. त्या रेल्वे कॉलनीत राहायच्या, मिस्टर गार्ड होते. बोलायच्या कमी, पण बोलल्या की ठेवणीतलं.

"पूनम, आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, लग्नाआधी तीन रविवार नवरा-नवरीची नावं वाचून दाखवतात. सगळ्यांच्या कानावर एकदा पडली की पडली. मग कोणी कुरकुर करायची तर भर उपासनेत उभं राहून करावी लागते, आणि तेवढी हिंमत फारशी कोणात नसते."

"मग?"

"तू अजून वाचूनच दाखवलं नाहीस. तू पाटीवर लिहितेस, ते पुसतात. दोघांच्या हातात एकच पाटी. किती दिवस चालवणार?"

मी कपाळावर हात मारला. दिवसभर मी लोकांचे बायोडेटा पीडीएफ करून देत होते. कोणी मधेच काही खोडू नये, दुसऱ्या कॉम्प्युटरवर अक्षर फुटू नये, जसं आहे तसंच समोरच्याला दिसावं, म्हणून. गिऱ्हाइकाला हे समजावून माझं तोंड दुखायचं, आणि स्वतःच्या आईचं नाव मात्र मी उघड्यावर ठेवलं होतं.

मी ते ऑनलाइन पान उघडलं. आई तळाला होती. तिला उचलून वर आणली. 'गं. भा.' काढलं, 'श्रीमती' लावलं. टाइप मोठा केला. आणि पुन्हा कुणाचा हात पोचायच्या आत पान पीडीएफमध्ये उतरवून घेतलं. पहिल्या खेपेला जोडाक्षरं विस्कटली, बिरोबा प्रसन्न व्हायचे राहिले. मग फॉन्ट बदलला, पुन्हा उतरवलं, तेव्हा सगळं जागच्या जागी बसलं. आता ह्या फाइलीत पप्पूनं कितीही डिलीट दाबलं तरी माझी आई हलणार नव्हती.

मग मी ती फाइल वाटली. मच्छिंद्रला, पप्पूला, पप्पूच्या मित्रांना, मुंबईच्या आत्येभावाला, शिरूरच्या प्रेसला, माझ्या वर्गातल्या पोरींना, ज्याचा म्हणून ईमेल माझ्याकडं होता त्या प्रत्येकाला. विषयात लिहिलं, 'आमची लग्नपत्रिका'. ऑनलाइनचं पान तसंच राहू दिलं. म्हटलं, आता खेळा त्याच्याशी.

बटण दाबून झालं आणि मग भीती वाटली. पाटसकर खरंच माघारी फिरले तर? मला मच्छिंद्र आवडला होता. बघायला आला तेव्हा त्यानं पोहे न मोजता-मापता खाल्ले होते आणि आईला विचारलं होतं, म्हशी कुठल्या जातीच्या. मी मोबाईल समोर ठेवून बसले. तो वाजला तेव्हा कॅफे बंद करायची वेळ झाली होती.

"पत्रिका मिळाली," मच्छिंद्र म्हणाला. "हापिसात प्रिंट काढून आबास्नी दावली." आबा म्हणजे त्याचे वडील.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, पोरीला वाढवली गिताबाईनं, मग आवतान काय सरपंच देणार व्हय?"

मी एवढ्या जोरात हसले की ग्लॅडिसताई शटर ओढता ओढता थांबल्या.

तर पाटसचा प्रश्न मिटला. आप्पांचा उरला. पण आप्पांच्याही आधी एक प्रश्न होता तो घरात, चुलीपुढं. आईला मी यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं.

शनिवारी घरी गेले, प्रिंट काढलेला कागद तिच्यापुढं धरला आणि सगळं सांगितलं. आई भाकरी थापायची थांबली.

"कुणी सांगितलं हुतं तुला? काढ माझं नाव."

"न्हाई निघत."

"न्हाई निघत म्हंजी? कागुदच हाय न्हवं?"

"पीडीएफ हाय."

"ती काय असती?"

मी तिचा पिठाचा हात हातात घेतला. मनगटाच्या वर तिच्या गोंदलेलं आहे, 'म्हस्कू'. लग्नानंतरच्या जत्रेत गोंदवून घेतलेलं. "पाटीवर खडूनं लिवलं तर कुणीबी पुसतं. ही गोंदल्यावाणी हाय."

आई मनगटाकडं बघत राहिली. मग तिनं हात सोडवून घेतला.

"ऐक माझं. उद्या तुझ्या संसारात कायबी वाकडं झालं, पोर आजारी पडलं, जावयाला काय लागलं, तर लोक काय म्हणतील? विधवेनं आवतान धाडलं म्हणून झालं. म्या आजवर सगळं ऐकलं, पूनम. पर ह्ये न्हाई ऐकवायचं मला."

तेव्हा मला कळलं की तिला रीतीची पर्वा नव्हती. ती माझ्यासाठी भीत होती, स्वतःच्या नावालाच भीत होती. मी ओरडलेच.

"धनश्रीच्या पत्रिकेत समदी कुंकवाची नावं हुती! एकबी विधवा न्हवती! मग मांडव उसात कुणाच्या नावानं गेला?"

आईनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. खांदे हलत होते तिचे. "फडकं हुडकायला मीच गेल्ते उसात," ती म्हणाली, आणि मग आम्ही दोघी हसलो, भाकरी तव्यावर करपली.

हसून झाल्यावर तिनं हात धुतले, पुसले आणि कागद मागितला. आई शाळेत गेलेली नाही. डेअरीच्या बाईंनी तिला सही शिकवली होती, तेवढंच तिला वाचता येतं, आपलं नाव. तिनं कागदावर बोट ठेवलं आणि बोट फिरवत फिरवत आणलं, देवाच्या नावावरून, माझ्या नावावरून, मच्छिंद्रच्या नावावरून. 'गिताबाई'वर ते थांबलं.

"येवढं मोठं?" तिनं विचारलं.

"येवढंच."

तिनं कागद घडी न घालता देवळीत ठेवला, वर डबा ठेवला वाऱ्यानं उडू नये म्हणून, आणि दुसरी भाकरी थापायला घेतली.

रविवारी मी उठले तेव्हा आई न्हाऊन, धुवट लुगडं नेसून दारात उभी होती. हातात कागद, नारळ आणि भंडाऱ्याची पुडी. "चल," ती म्हणाली, "तुझं आप्पा यायच्या आत."

बिरोबाचं देऊळ गावाबाहेर माळावर आहे, तोच तो माळ. देवळात आईनं कागद देवापुढं पसरला. पत्रिकेच्या चार कोपऱ्यांना हळदी-कुंकू लावतात, आणि ते सवाष्णीनं लावायचं असतं. मी तिच्याकडं बघितलं. तिनं पुडी सोडली.

"भंडारा देवाचा हाय," ती म्हणाली. "त्याला सवाशीण आन् विधवा कळत न्हाई." आणि तिनं चारी कोपऱ्यांवर चिमूट चिमूट भंडारा लावला, वर नारळ ठेवला, हात जोडले. मीही जोडले. काय मागितलं ते आता आठवत नाही, बहुतेक काही मागितलंच नाही.

मागं वहाणा करकरल्या. आप्पा आत आले, त्यांच्या हातात शिरूरच्या प्रेसचा नमुना होता, स्वतःच्या मजकुराचा, आधीच काढून घेतलेला, गुंडाळून पिशवीत घातलेला. त्यांनी देवापुढचा कागद पाहिला, नारळ पाहिला, भंडारा पाहिला. मग वाकून वाचलं. वाचता वाचता त्यांची मान लाल झाली.

"पूनम, उचल ती."

मी जागची हलले नाही. आईनं सवयीनं पदर पुढं ओढला आणि खाली बघत म्हणाली, "पूनम, आप्पास्नी सांग..."

आणि ती थांबली. मी वाट बघत होते, ती काय सांगते ते ऐकून तीन हातांवर उभ्या असलेल्या माणसाला सांगायची. आईनं पदर हातातनं सोडला. तोंड वर केलं. माझ्या उभ्या जन्मात मी तिला आप्पांच्या डोळ्यांत बघताना पाहिलं नव्हतं.

"भावजी," ती म्हणाली, "तुमीच म्हणता न्हवं, देवाला ठेवली की कुणी हात लावायचा न्हाई?"

आप्पांनी पिशवी ह्या हातातनं त्या हातात घेतली.

"मग लावा हात."

देवळात वारं येत होतं, कागदाचा एक कोपरा नारळाखाली फडफडत होता. आप्पांचा हात पुढं आला. खरंच आला, मी पाहिला. तो हात कागदाच्या वर थांबला. मग बाजूच्या भंडाऱ्यात गेला. आप्पांनी चिमूट उचलली, कपाळाला लावली आणि पिशवीतला नमुना तसाच बगलेत मारला.

आई त्यांच्याकडं बघतच होती. तिनं पदर परत पुढं ओढला नाही.

आप्पा दारापर्यंत गेले आणि वळले. घसा खाकरला. हरलेल्या माणसानं काहीतरी बोलावं लागतं म्हणून बोलावं, तसं ते म्हणाले, "माझं नाव नुसतं हनुमंत का घातलं गं? हनुमंतराव घालाय पायजे हुतं."

"आता न्हाई बदलता येत, आप्पा," मी म्हणाले. "पीडीएफ झालीय."

त्यांना ते कळलं नाही. पण माझ्या आईला कळलं. ती थोरल्या दिरासमोर, भर देवळात, मोठ्यानं हसली. हसून झालं तेव्हा तिनं सरळ त्यांनाच विचारलं, "चहा ठेवू का, भावजी? घरी चला."